मागच्याची हाक

वस्तादांचे कान गेले होते, आणि ही गोष्ट जगात आपल्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही अशी त्यांची समजूत होती. बहिऱ्या माणसाची अशी समजूत होणं साहजिक आहे. लोक पाठीमागे काय कुजबुजतात ते त्याला ऐकू कुठं येतं!

कान काही एका दिवसात गेले नव्हते. आधी पाखरं गेली. मग दाराची कडी गेली. मग बायकोचं पुटपुटणं गेलं, त्याचं मात्र त्यांना फारसं दुःख झालं नाही. आता डावा कान पार कामातून गेला होता आणि उजवा नावाला उरला होता. समोर बसून कोणी मोठ्यानं बोललं तर थोडंफार कळायचं, राहिलेलं ते ओठांवरून जुळवायचे. नाहीच जुळलं तर मान डोलवायची. मान डोलवणारा म्हातारा सगळ्यांना आवडतो. त्याला परत कोणी काही विचारत नाही.

दुसरा कोणी असता तर ‘वय झालं, चालायचंच’ म्हणून मोकळा झाला असता. वस्तादांना ती सोय नव्हती. त्यांचं कामच कानाचं होतं, आणि त्यांच्या मागून चालणाऱ्या तिघांचे जीव त्या कानांवर टांगलेले होते.

वस्तीच्या डोक्यावर डोंगर होता आणि डोंगराच्या पोटात बंद पडलेली खाण. खाण बंद करायला एक सही पुरते, पण पाण्याला त्या सहीशी काही देणंघेणं नसतं. ते जुन्या पोकळ्यांत पाझरत राहतं, साठत राहतं आणि एका लांबलचक बोगद्यातून बाहेर पडून खालच्या ओढ्याला मिळतं. हा निचऱ्याचा बोगदा मोकळा असेल तर वस्ती निवांत झोपते. तुंबला तर पाणी डोंगरात चढत जातं आणि एक दिवस वाट फोडून घरांवर येतं. वस्तादांच्या लहानपणी ते एकदा आलं होतं. खालच्या गल्लीतली घरं माणसांसकट गेली, आणि पुढं कितीतरी दिवस लोक ओढ्याच्या काठानं आपापली माणसं शोधत फिरत होते. तेव्हापासून चार माणसांची एक टोळी आत जाते, गाळ उपसते, छताखालचे कुजलेले लाकडी टेकू बदलते आणि वाट धड ठेवते.

टोळीच्या पुढे नेहमी वस्ताद. लोखंडी पहारीचं टोक छतावर आपटायचं आणि ऐकायचं, याला ते छत वाजवणं म्हणत. दगड अखंड असला की आवाज खणखणीत येतो. वरचा थर सुटला असला की बद्द येतो, तडा गेलेल्या मडक्यासारखा. बाजारात मडकं वाजवून घेणाऱ्या बाईला जे कळतं तेच हे, पण तिचं मडकं फुटलं तर ती दुसरं आणू शकते.

टोळीची एक जुनी रीत होती. न वाजवलेल्या छताखाली कोणी मोठ्यानं बोलायचं नाही. म्हणून पुढचा माणूस आपल्या मागच्याला हळूच सांगतो, ‘पक्कं’ किंवा ‘टेकू’, आणि तो मागचा ती हाक मागे शेवटच्या माणसापर्यंत पोचवतो. हाक आली की त्यावर शंका काढायची नाही आणि आपले कान मध्ये घालायचे नाहीत. दोघांनी ऐकलं की दोन मतं होतात, आणि छताखाली उभं राहून वाद घालायला वेळ नसतो, असं वस्तादांना त्यांच्या वस्तादांनी शिकवलं होतं. रीत चांगलीच होती. फक्त ती बनवणाऱ्यानं पुढचा माणूस बहिरा असेल हे धरलं नव्हतं.

तो मागचा माणूस म्हणजे वस्तादांचा जावई. सडपातळ, शांत, कोणाला दुखवायचं म्हटलं तर स्वतःच आजारी पडेल असा. वस्तादांनीच त्याला टोळीत घेतलं, छत कसं ऐकायचं ते शिकवलं, आणि मगच मुलगी दिली. गुडघाभर गाळात उभे असतानाही ते त्याला “अहो जावईबापू, जरा ते घमेलं देता का” असं म्हणायचे. मागून लंबू खिदळायचा.

“वस्ताद, छत कोसळलं तरी आधी जावयाचा मान होऊ द्या, मग आम्ही पळतो!”

लंबू हा टोळीतला सगळ्यांत उंच माणूस. खाणीत वाकून वाकून त्याला अशी सवय लागली होती की तो रस्त्यावरही वाकूनच चालायचा. आणि चौथा गवई. होता सुतार, टेकू कापून बसवणं आणि पाचर ठोकणं हे त्याचं काम, पण दिवसभर गुणगुणत असायचा म्हणून गवई. एकही गाणं त्याला शेवटपर्यंत येत नव्हतं. जिथं शब्द संपतील तिथून तो सरळ दुसऱ्या गाण्यात शिरायचा आणि वर म्हणायचा की चाल चुकली असेल तर दाखवा.

वस्तादांनी कानांवर तोड काढली होती. डावा तळवा छताला लावायचा आणि उजव्या हातानं पहार आपटायची. सुटलेला थर थरथरतो आणि ती थरथर तळव्यात उतरते. जुने लोकही असं करायचे, पण ते कानाच्या जोडीला. वस्ताद नुसत्या तळव्यावर भागवत होते. सुरुवातीला रोज आत शिरताना ते तोंडाशी थबकायचे. सांगून टाकावं असं वाटायचं. पण सांगितलं की दुसऱ्या दिवसापासून घरी बसायचं, आणि घरी बसलेला वस्ताद म्हणजे नुसता एक बहिरा म्हातारा, हे त्यांना दिसत होतं. मग दिवस गेले, छत कुठं पडलं नाही, आणि त्यांची भीड चेपली.

उलट त्यांचं नाव वाढलं. “वस्ताद वय झालं तसे आणखी सावध झालेत. शंका आली की टेकू,” असं लंबू सगळीकडे सांगत फिरायचा. वस्तादांना मात्र कधीकधी नवल वाटायचं. आपण ‘पक्कं’ म्हटलं होतं तिथंच गवई टेकू बसवताना दिसायचा. त्यांनी एकदा जावयाला विचारलं. जावई त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला, “साहेबांचा नवा नियम आहे, मामा. छत कसंही असो, मध्ये मध्ये टेकू लावायचाच.” वस्तादांनी कचेरीतल्या साहेबांना एक ठेवणीतली शिवी दिली आणि पुढे चालू लागले. लाकूड वाया जात होतं, पण ते काही त्यांच्या घरचं नव्हतं.

मग एका सकाळी बोगद्याच्या तोंडाशी पाण्याची धार बारीक झालेली दिसली. दुपारपर्यंत ती करंगळीएवढी राहिली, आणि रंग गढूळ तांबडा. याचा अर्थ लहान पोरालाही कळला असता. आत खोलवर कुठंतरी दरड पडली होती आणि तिच्या मागे पाणी चढत होतं. समोरून दरड उपसायची म्हणजे सगळं पाणी आपल्याच अंगावर घ्यायचं. एकच मार्ग होता. बोगद्याच्या अलीकडून एक जुनी वाट फुटत होती, खाण बंद पडल्यापासून कोणी न चाललेली. ती वळसा घालून दरडीच्या मागे वर निघते, असं जुने लोक सांगायचे. ती धड असेल तर तिच्यातून पाणी हळूहळू काढता आलं असतं. धड नसेल तर वस्ती रिकामी करायची. खाण ज्यांच्या ताब्यात होती त्या कचेरीतले साहेब स्वतः तोंडाशी आले आणि म्हणाले, “वस्ताद, तुम्ही सांगाल ते खरं.”

आत जाण्याआधी चौघं बाकावर बसून बूट चढवत होते. त्या वेळी वस्तादांच्या मनात सांगून टाकायचं आलं होतं, हे खोटं नाही. ही वाट अनोळखी होती आणि तळव्यावर त्यांचा स्वतःचाही तितका भरवसा नव्हता. ते लंबूकडे वळलेसुद्धा. तेवढ्यात गवई काहीतरी बोलला, सगळे हसले, वस्तादही हसले, आणि सगळे उठून उभे राहिले. काय विनोद झाला ते त्यांना कळलं नव्हतं. हसण्याच्या नादात सांगायचं राहून गेलं.

जुन्या वाटेत हवा हलत नव्हती. जमिनीवर गंजलेले रूळ होते, आडवी पडलेली एक ढकलगाडी होती, कोणाचा तरी एकच बूट होता. जुन्या टेकूंवर कापसासारखी पांढरी बुरशी चढली होती. लंबूनं एकाला हात लावला तर बोटं आरपार आत गेली. वस्ताद पहार आपटत, तळवा सरकवत पुढे जात होते, मान मागे वळवून जावयाला ‘पक्कं’ म्हणत होते. मागे गवई बऱ्याच ठिकाणी टेकू ठोकत होता. साहेबांचा नियम, असं वस्ताद मनात म्हणाले, आणि आज पहिल्यांदाच त्यांना त्या नियमाचा राग आला नाही.

मग वाट रुंद झाली. पूर्वी इथं गाड्या वळवत असाव्यात. पलीकडच्या भिंतीत एक बीळ होतं, एका माणसाला पोटावर सरपटत जाता येईल एवढं, आणि त्यातून गार वारा आणि पाण्याचा वास येत होता. म्हणजे वाट बरोबर होती. आत कोणी जायचं हा प्रश्नच नव्हता. लंबू मावला नसता, गवयाचं पोट सुटलं होतं आणि वस्तादांचं वय झालं होतं.

जावयानं पाठीवरची पिशवी उतरवली. तो वस्तादांसमोर आला आणि हळू आवाजात म्हणाला, “मामा, मी येईपर्यंत इथं काही वाजवू नका. नुसते थांबा. बसून राहा.”

त्याच्या टोपीवरचा दिवा वस्तादांच्या डोळ्यांवर आला होता. त्या झगझगाटात त्यांना जावयाचे ओठ दिसलेच नाहीत. त्यांनी मान डोलवली.

जावयाला हे ओळखता यायला हवं होतं. त्यानं पुढे होऊन उजव्या कानात ओरडून सांगायला हवं होतं. पण शेजारी लंबू आणि गवई उभे होते, आणि त्यांच्यासमोर सासऱ्याच्या कानात ओरडणं त्याला जमलं नाही. तो वाकला आणि बिळात शिरला. त्याचे बूट दिसेनासे झाले.

वस्तादांना हात रिकामे ठेवणं माहीत नव्हतं. त्यांनी पहार उचलली. छत खडबडीत होतं, ओलं होतं, आणि इतक्या वेळ गार दगड चाचपून डावा तळवा लाकडासारखा झाला होता. त्यांनी एकदा आपटली, दोनदा आपटली. तळव्यात काही आलं नाही. काही आलं नाही म्हणजे थरथर नाही, आणि थरथर नाही म्हणजे छत धड, असा हिशोब त्यांनी केला. आता मागे जावयाच्या जागी गवई होता.

“पक्कं,” वस्ताद म्हणाले.

“पक्कंऽऽ,” गवयानं लंबूला सुरात हाक दिली, आणि फावडं घेऊन त्याच छताखाली जमीन उकरायला लागला. बिळाच्या तोंडाशी एक जाड टेकू असावा, म्हणजे जावई परत येताना काळजी नको, असं त्याचं म्हणणं होतं.

थोड्या वेळानं गवयाचं फावडं थांबलं. त्यानं बिळाकडे कान दिला, मग मान वर करून वस्तादांकडे बघितलं. त्याच्या टोपीचा दिवा सरळ त्यांच्या तोंडावर आला. गवई काहीतरी बोलला. टेकू इथंच घेऊ ना, असं विचारत असेल, असं वस्तादांना वाटलं. त्यांनी मान डोलवली. गवई निर्धास्त झाला आणि खाली वाकला.

छत पडलं ते वस्तादांना पायांतून कळलं. धुळीत काही दिसत नव्हतं. लंबूनं त्यांची कॉलर धरून त्यांना मागे ओढलं आणि दोघं भिंतीला चिकटून राहिले. धूळ बसली तेव्हा समोर दाराएवढा सपाट दगड होता आणि त्याच्याखालून एक फावड्याचा दांडा बाहेर आला होता. बिळातून जावई आला, नखं तुटेपर्यंत दगडाला भिडला. तिघांनी पहार घालून दगड थोडा वर केला. त्यानंतर घाई करण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

चौकशी झाली. कचेरीत साहेबांनी लंबूला विचारलं, “छत तपासलं होतं का?”

“वाजवलं होतं, साहेब. वस्तादांनी शब्द दिला होता. मग आणखी काय तपासायचं?” लंबू म्हणाला. “खाण आहे. कधीकधी ती कोणाचंच ऐकत नाही.”

जावई म्हणाला, “मी आत होतो.” त्यापुढे तो बोलला नाही. साहेबांनी वस्तादांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि बाहेर आल्यावर लोकांनीही ठेवला. कोणी त्यांना दोष दिला नाही. सगळ्यांच्या डोळ्यांत त्यांच्याबद्दल दयाच होती, आणि वस्तादांना ती दया घशाखाली उतरत नव्हती. तळवा गारठला होता, म्हणून चुकला. एकदाच चुकला. पुढच्या वेळी हात शेकून घ्यायचा. असं ते स्वतःला दिवसभर सांगत होते, आणि अन्नावरून उठून जात होते.

पाणी अजून चढतच होतं. जावयानं बिळापलीकडे पाण्याचा साठा डोळ्यांनी पाहिला होता, वाट खरी निघाली होती. त्यामुळे टोळीला परत आत जाणं भाग होतं. गवयाच्या जागी एक नवा सुतार मिळाला. वस्ताद मागच्या अंगणात बसून पहारीचं टोक कानशीनं घासत होते, तेव्हा जावई आणि मुलगी आले. भर दुपार होती. मुलगी दारातच उभी राहिली.

“मामा, तुम्ही पुढं जायचं नाही,” जावई म्हणाला.

वस्तादांनी मान डोलवली.

“मान डोलवू नका!”

हे मात्र वस्तादांना ऐकू आलं. जावई त्यांच्यावर ओरडला होता. इतक्या वर्षांत या माणसाचा आवाज कधी चढला नव्हता. तो खाली बसला, त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरून आपल्याकडे वळवला आणि उजव्या कानात बोलायला लागला.

“तुम्हाला ऐकू येत नाही. मला माहीत आहे. कधीपासून माहीत आहे.”

“तळव्याला कळतं मला,” वस्ताद म्हणाले. “इतके दिवस कुठं पडलं छत?”

“तळव्याला काहीच कळत नाही, मामा! तुम्ही बद्द छताखाली उभे राहून ‘पक्कं’ म्हणायचात. मी ऐकायचो, आणि मागे ‘टेकू’ म्हणून हाक द्यायचो. प्रत्येक वेळी. साहेबांचा नियमबियम काही नव्हता. तो मी बनवला होता.”

वस्तादांच्या हातातली कानस खाली पडली. आपण ज्या छतांखालून तोऱ्यात चालत गेलो ती सगळी छतं त्यांच्या डोळ्यांसमोर आली, आणि प्रत्येकाखाली गवयानं ठोकलेला एक टेकू होता. मग त्यांना राग आला.

“मला वेड्यात काढलंत? इतके दिवस? तोंड नव्हतं तुम्हाला?”

“काय सांगणार होतो? तुम्ही मला काम शिकवलंत. मुलगी दिलीत. चारचौघांत सांगू की आमच्या मामांचे कान गेले?”

“चारचौघांत नाही, मला सांगायचं होतं!”

“मला वाटलं, मी मागे आहे तोवर काही होणार नाही.” जावयाचा आवाज फुटला. “त्या दिवशी मी बिळात होतो. तुम्ही पहार आपटलीत ती मला आतून ऐकू आली. मडकं फुटल्यासारखी. मी ओरडलो. रीत मोडून, जिवाच्या आकांतानं ओरडलो, सरका म्हणून. गवयाला ऐकू गेलं ते. लंबूनं मला सांगितलं, साहेबांना नाही सांगितलं. गवई थांबला. तुमच्याकडे बघून म्हणाला, ‘वस्ताद, जावई काहीतरी ओरडतायत. छत पक्कं आहे ना?’”

पुढचं जावयानं सांगितलं नाही आणि त्याची गरजही नव्हती. वस्तादांना तो वर केलेला चेहरा दिसत होता, विश्वासानं उजळलेला, आणि आपली मान डोलताना दिसत होती.

“तुम्ही मारलंत त्याला,” ते म्हणाले.

“आपण दोघांनी,” जावई म्हणाला.

दारातून मुलगी पुढे आली. तिनं वडिलांच्या समोर बसून, ओठ स्पष्ट हलवत सांगितलं, “तिघांनी, बाबा. यांना पहिल्यांदा कळलं तेव्हा हे घरी येऊन रडले. मीच म्हटलं, गप्प बसा. बाबांकडून तेवढं काढून घेतलं तर ते जगायचे नाहीत.”

म्हणजे घरात सगळ्यांनी एकमेकांचा मान राखला होता. सासऱ्यानं स्वतःचा राखला, जावयानं सासऱ्याचा राखला, मुलीनं बापाचा राखला. या राखाराखीत ज्याचा काही संबंध नव्हता तो सुतार गेला. वस्ताद उठले. त्यांना रडू येत होतं आणि रडायचा आपल्याला हक्क नाही असंही वाटत होतं. त्यांनी पहार जावयाच्या हातात दिली आणि म्हणाले, “उद्यापासून पुढे तुम्ही. मागे लंबूला ठेवा, त्याचे कान चांगले आहेत. मी साहेबांकडे जातो. पण आधी गवयाच्या बायकोकडे.”

“मी येतो,” जावई म्हणाला.

गवयाचं घर गल्लीच्या टोकाला होतं, दोन खोल्यांचं. दार उघडंच होतं. बाहेरच्या खोलीत अर्धवट राहिलेलं एक कपाट होतं, दारं अजून न बसवलेली, आणि त्याच्यापुढे गवयाची बायको जमिनीवर बसून जुन्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं दोघांना बघितलं आणि पदर सावरला. “बसा,” म्हणाली.

वस्ताद बसले नाहीत. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती चढलाय ते कळत नाही. त्यांनी सगळं त्या चढ्या आवाजात सांगितलं. कान गेलेत हे सांगितलं, लपवलं हे सांगितलं, छत बद्द होतं आणि आपण पक्कं म्हणालो हे सांगितलं. तिच्या नवऱ्यानं विचारलं होतं आणि आपण न ऐकताच हो म्हणालो, हेही सांगितलं. जावयाचं किंवा मुलीचं नाव त्यांनी घेतलं नाही. जावई मध्ये बोलायला गेला तर त्यांनी हातानं त्याला थांबवलं. “माफी मागायला नाही आलो,” ते शेवटी म्हणाले. “तुला खरं माहीत असावं म्हणून आलो. आता तुला काय बोलायचं ते बोल.”

तिनं हातातल्या घडीवरून हात फिरवला. मग मान खाली घालूनच काहीतरी बोलली. छोटंसंच वाक्य होतं. तिचे ओठ वस्तादांना दिसले नाहीत. त्यांनी जावयाकडे बघितलं.

जावयाचा चेहरा पांढरा पडला होता.

“काही नाही, मामा,” तो त्यांच्या कानाशी म्हणाला. “नशिबात होतं, म्हणतायत. तुम्ही बसा, म्हणतायत.”

वस्तादांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. हाच चेहरा साहेबांचा नियम सांगताना होता, आता त्यांना तो ओळखता येत होता.

“अजून?” ते म्हणाले. “अजून माझा मान राखताय? ती काय म्हणाली ते सांगा. जसंच्या तसं.”

जावयानं गवयाच्या बायकोकडे बघितलं. तिनं मान वर केली नाही, पण नकोही म्हणाली नाही. तो वस्तादांच्या उजव्या कानाजवळ गेला आणि बोलला. वस्तादांना नीट कळलं नाही. “मोठ्यानं,” ते म्हणाले. तो आणखी मोठ्यानं बोलला. “मोठ्यानं बोला!” मग त्यानं डोळे मिटले आणि जिवाच्या आकांतानं ओरडला.

“त्या म्हणतायत, ते रोज घरी येऊन सांगायचे, वस्ताद पुढं असले की मला वर बघावंच लागत नाही!”

समोरच्या घराचं दार उघडलं, मग शेजारचं. गवयाची बायको घडी हातात धरून आपलंच वाक्य ऐकत होती. वस्तादांनी कान आणखी पुढे केला, कारण त्यांना अजूनही अर्धंच ऐकू आलं होतं, आणि जावयाला ते पुन्हा ओरडून सांगावं लागलं.